नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा: पाच कढयांच्या नोंदी

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, आमचं ज्यू नववर्ष, यंदा २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो. हातात चार रविवार आहेत. गेली काही वर्षं आमच्या घरी हलवा होतो तो चायना ग्रासचा. दिसायला छान, वीस मिनिटांत तयार, आणि दाताखाली कटकन तुटतो. चिकाचा हलवा, म्हणजे भिजवलेल्या गव्हातून काढलेल्या सत्त्वाचा, तसा तुटत नाही. तो दाताला क्षणभर धरून राहतो आणि मग सोडतो. आईचं मनगट आता कढई ढवळायच्या कामाचं राहिलेलं नाही, म्हणून यंदा काम माझ्या गळ्यात. मी आजवर घोटलेला सगळ्यात अवघड पदार्थ पिठलं.

आमची मंडळी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. सणाच्या जेवणात मटण असतं, आणि मटणाबरोबर दूध-तूप चालत नाही, म्हणून आमचा हलवा नारळाच्या दुधात होतो. पूर्वज कोकणातले, नारळ दारातच. त्यामुळे त्यांना यात फार मन मारावं लागलं असेल असं वाटत नाही.

कृती लिहिलेली कुठेच नाही. इस्राएलात अश्दोदला आत्या असते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "आईच्या पेल्यानं एक पेला चीक, पाच पेले दूध, दोन पेले साखर. आणि तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही." लगेच पुढे, "पण कशाला मरतोस? मी कॉर्नफ्लॉवर घालते. दूध डब्यातलं. मोकळी होते."

पेला घरातच निघाला. आजीचं नाव आणि १९७४ साल कोरलेला स्टीलचा पेला, सध्या त्यात बटणं आणि सुया ठेवतो. रिकामा करून घासला, पाणी भरून मोजला. काठोकाठ २०० मिलि.

अर्धा किलो लोकवन गहू, २४ रुपये. धुऊन भिजत घातला. रोज दोनदा पाणी बदलायचं.

बुधवार, २७ ऑगस्ट. कढई पहिली

गणेश चतुर्थीची सुट्टी. गहू तीन दिवस भिजलाय, बोटांत दाबला की पांढरा चीक बाहेर येतो.

चूक एक: मिक्सर पुरणयंत्रासारखा चालवला. जितकं बारीक तितका जास्त चीक निघेल असं वाटलं. झालं काय, कोंडासुद्धा बारीक झाला आणि पंचातून खाली उतरला. चीक पांढरा हवा तर माझा गव्हाच्या रंगाचा.

चूक दोन, आणि ही मोठी: गाळलेलं पाणी तीनच तास ठेवलं. वरचं पाणी ओतून दिलं, खाली जे दाट दिसलं त्याला चीक समजून पेल्यात भरलं. ते ताकाइतकं पातळ होतं. मला वाटलं असंच असतं.

तीन नारळ, एकेक ५० रुपयांना. गणपतीमुळे बाजारात नारळाला भाव, शेजारी मोदकांसाठी अकरा घेऊन गेले. खवताना मी हौसेनं करवंटीपर्यंत खरवडत गेलो, त्यामुळे पाठीचा तपकिरी कीस पडला आणि दूध राखाडी झालं. पांढरा भाग संपला की विळीवरून नारळ उचलायचा.

दोन तास दहा मिनिटं ढवळून ताटात ओतलं. रात्री अकरा वाजता ताट हलवलं तर लाटा आल्या. आई डोकावून म्हणाली, "खिरीचा सण नंतर असतो रे." वाट्यांतून खाल्लं. चव वाईट नव्हती.

खर्च: गहू २४, नारळ १५०, साखर-वेलची धरून साधारण २२० रुपये. खीर मिळाली.

रविवार, ३१ ऑगस्ट. कढई दुसरी

तीन दिवस भिजवायचा कंटाळा केला. एका बचत गटाकडे कुरडयांसाठी वाळवलेला गव्हाचा चीक मिळतो, पांढराशुभ्र, पिठासारखा. पाव किलो आणला. माल उत्तम होता, गाढवपणा माझा.

झालं असं. मी इंजिनिअर माणूस, पेल्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं की नीट बसलेल्या चिकाचा असा पेला २५० ग्रॅम भरतो. म्हणून कोरडा चीक काट्यावर २५० ग्रॅम मोजून घेतला. ओल्या चिकात जवळपास अर्धं पाणीच असतं हे डोक्यात आलंच नाही. म्हणजे मी दुप्पट चीक घातला.

पंधराव्या मिनिटाला उलथणं कढईत उभं राहिलं. पंचविसाव्या मिनिटाला मी ढवळत नव्हतो, कढई गोल फिरत होती. ओततो कसला, हातानं ताटात थापलं. थंड झाल्यावर वडी कापली तर सुरी उलटी फिरली. मुलानं वडी जमिनीवर आपटून पाहिली, उडाली. शाळेतल्या खोडरबराला असाच वास असतो म्हणाला, तो वेलचीचा होता.

नंतर हिशोब घातला तेव्हा गंमत कळली. कोरडा चीक पेल्यात सैल भरला तर ११० ग्रॅमच्या आसपास बसतो. ओल्या पेल्यातला पाणी वजा केलेला चीक १३०-१४० ग्रॅम. म्हणजे आत्याचा पेला ओल्याला चालतो तसा कोरड्यालाही जवळजवळ चालतो. ग्रॅममध्ये रूपांतर करायची हुशारी केली नसती तर हलवा झाला असता. तुम्ही करणार असाल तर काटा कपाटातच ठेवा.

शनिवार, ६ सप्टेंबर, रात्री

पुन्हा गहू. बुधवारी संध्याकाळी भिजवला. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो, त्याआधी पाणी बदलायचं विसरलो. नंतर शनिवारी रात्रीपर्यंत हात लावला नाही. झाकण काढलं तर आंबूस वास आणि वर फेस. उकाड्यात दीड दिवस म्हणजे फार.

फेकणार होतो. आई म्हणाली, चीक धुता येतो. तसंच केलं: मिक्सरमध्ये थांबत थांबत, चालू-बंद करत वाटला, आधी चाळणीनं मग दुहेरी पंचानं गाळला. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दोनदा चोळला. गाळलेलं सगळं मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलंय. उद्या सकाळी वरचं पाणी ओतून स्वच्छ गार पाणी घालीन, ढवळीन, परत बसू देईन.

रविवार, ७ सप्टेंबर. कढई तिसरी

रात्रभर बसलेला चीक आणि तीन तासांचा चीक ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. सकाळी पातेलं तिरकं केलं, वरचं पिवळसर पाणी संथ वाहून गेलं आणि तळाचा चीक जागचा हलला नाही. बोटानं दाबलं तर खडूसारखा कडक, बोट तसंच ठेवलं तर हळूहळू आत जातं. ओहोटीनंतरच्या खाजणातल्या चिखलासारखा, फक्त पांढरा. हे ओळखायचं लक्षण. पातेलं तिरकं केल्यावर चीक वाहत असेल तर अजून बसलेला नाही. वरती एक करडा पातळ थर असतो, तो चमच्यानं खरवडून काढला.

दोनदा धुतल्यावर आंबूस वास गेला. पेला भरून, काटा शेवटचा म्हणून, वजन केलं: २५२ ग्रॅम. वर चमचाभर उरला.

इतकं सगळं सुधारून पुढची चूक केली. नारळाचं दूध कढत ठेवलं होतं, त्यात चिकाचे गोळे टाकले. गरम दुधात पडताच प्रत्येक गोळ्याची साल शिजली आणि आतला चीक कच्चा राहिला. साबुदाण्यापासून गोटीपर्यंत सगळ्या मापाच्या गुठळ्या. पुरणाच्या चाळणीतून दाबून काढल्या, उरलेल्या मिक्सरमध्ये फिरवल्या. या धावपळीत कढईचा तळ लागला. स्टीलची पातळ बुडाची कढई, तिचा तळ धरायला निमित्तच हवं होतं.

हलवा बसला! वड्या पडल्या. पण रवाळ, आणि मागून करपट वास. आत्याला फोटो पाठवला. तिनं झूम करून कडा पाहिल्या आणि निरोप बोलून पाठवला: "तेल कुठाय? कोरडी ठणठणीत आहे वडी. शनिवारतेल्याचा नातू आणि तेल सुटेपर्यंत दम नाही!"

टोमणा बाहेरच्यांना कळावा म्हणून: कोकणात आमच्या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. गावानं नाव ठेवलं शनिवारतेली. आता घाणा कुणाकडे नाही, टोमणा तेवढा शिल्लक आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

कढईचा प्रश्न. घरात जाड बुडाचं एक मोठं पातेलं आहे, पण ते मटणाचं. त्यात केलेला हलवा नंतर दुधाच्या चहाबरोबर खाताना पंचाईत. लोखंडी कढईत पांढरा पदार्थ काळपटतो. शेवटी जाड हिंडालियमची कढई घेतली, १,३५० रुपये. लाकडी चाटू ८० रुपये, लांब दांड्याचा. दांडा लांबच घ्या, कारण पुढच्या नोंदीत आहे.

रविवार, १४ सप्टेंबर. कढई चौथी

ही जमली. अर्धवट जमली असं बायको म्हणते, ते शेवटी सांगतो.

पहिलं दूध आणि दुसरं दूध वेगळं काढलं. तीन नारळांचा पांढराच कीस, कोमट पाण्यात. दुसरं पातळ दूध थंड होऊ दिलं आणि त्या थंड दुधात चीक हातानं कालवला. एकही गाठ लागेना इतका. मग गाळला. मग पहिलं दाट दूध घातलं. सगळं मिळून पाच पेले. चिमूटभर मीठ. एवढं झाल्यावर गॅस लावला. गार असतानाच सगळं एकजीव, मग आच. गुठळी हा विषय संपला.

घड्याळ लावून लिहिलेलं जसंच्या तसं:

आठव्या मिनिटापर्यंत काहीच होत नाही, माणूस बेसावध होतो. नवव्या मिनिटाला तळाशी चाटूला काहीतरी जड लागतं आणि मिनिटाभरात सगळी कढई दाटते. या वेळी फोन उचलायचा नाही. आच लगेच बारीक.

पंधरा ते पंचवीस मिनिटं बुडबुडे फुटतात, ज्वालामुखीसारखे, फटक फटक. मनगटावर दोन डाग पडले. लांब दांडा याच्यासाठी.

पंचविसाव्या मिनिटाला चव घेतली. कच्च्या पिठाचा वास गेलेला. आता साखर, दोन पेले. आधी घातली असती तर चीक शिजायला वेळ लागला असता. साखर पडली की सगळं पुन्हा पातळ होतं. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, मीही घाबरलो. घाबरून चीक वाढवायचा नाही.

पन्नासाव्या मिनिटाला पांढरा रंग जाऊन ओल्या काचेसारखी झाक आली. चाटू ओढला की तळ दिसतो आणि वाट मिटायला वेळ लागतो. मागच्या खेपेला मी इथेच उतरवलं होतं. इथे हलवा झालेला दिसतो, पण झालेला नसतो.

सत्तराव्या मिनिटाला खांदा भरून आला. बायकोनं दहा मिनिटं चाटू घेतला.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कढईच्या कडेला चमक. आधी वाटलं दिव्याचं प्रतिबिंब. मग कडेनं बारीक तेलाची रेघ, आणि हलवा कढईला चिकटायचा सोडून चाटूभोवती एकत्र यायला लागला. ढवळताना आवाजसुद्धा बदलतो, चपचप जाऊन सरसर होतो. ८५ मिनिटांना वेलची, जायफळ, थोडा गुलाबी रंग, आणि उतरवलं. वर बदाम-पिस्त्याचे काप, ओला असतानाच वाटीच्या बुडानं हलके दाबले.

तीन तासांनी शंकरपाळ्यासारख्या वड्या कापल्या. दाताला धरल्या आणि सोडल्या. आईनं दुसरी मागितली.

आणि आता बायकोचा मुद्दा. घाईत ताटाला मी सवयीनं तूप लावलं होतं. दीड तास नारळाच्या दुधात हात भरून घेतला आणि शेवटच्या क्षणी बोटभर तुपानं सगळा हलवा दुधाचा करून ठेवला. रात्री मटण होतं. हलवा दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खाल्ला. ताटाला खोबरेल लावायचं, खायचं खोबरेल. आता तूप त्या दिवशी ओट्यावरच ठेवणार नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सणासाठी तिप्पट. घरचं एक ताट, सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, एक (आई अजून मशीदच म्हणते, जुनी माणसं सगळी तेच म्हणायची), आणि शेजाऱ्यांना एक, कारण मोदकांचा हिशोब बाकी आहे.

सव्वा किलो गहू गुरुवारी रात्री भिजवला. शुक्रवारी सकाळी पाणी बदललं, आणि शब्बाथच्या आधी पुन्हा बदललं, या वेळी गजर लावून. शनिवारी रात्री एकदा. आज सकाळी वाटून, गाळून, एकदा धुऊन बसायला ठेवला. उद्या सकाळपर्यंत बावीस तास मिळतील.

नारळ मात्र चुकलो. उद्या घटस्थापना आहे हे लक्षातच नव्हतं. ठाण्यात टेंभी नाक्याला देवी बसते, आमचं १८७९ सालचं सिनेगॉगही त्याच बाजूला. संध्याकाळी बाजारात गेलो तर लोक नारळ पोत्यानं नेत होते. नऊ मिळाले, ६० रुपयांनी. नारळ दोन दिवस आधी घेतला तर काही बिघडत नाही, माझ्यासारखं करू नका.

सोमवार, २२ सप्टेंबर. कढई पाचवी

अर्धी रजा. साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी सगळं आवरायला हवं. नंतर नवा विस्तव पेटवायचा नाही.

ओला चीक तीन पेले भरून थोडा उरला. नारळ फोडले तर एक खवट निघाला. आठांचं दूध तेरा पेले झालं, पंधरा हवं होतं. दोन पेले पाणी घालावं की चीक कमी करावा यावर आईशी वाद झाला. ती म्हणाली, पाणी घातलंस तर तेल कमी सुटेल आणि तू संध्याकाळपर्यंत वाट बघत बसशील. चीक अर्धा पेला कमी केला, साखर सहाऐवजी पाच पेले. बरोबर ठरलं.

तिप्पट मालाला तिप्पट वेळ लागत नाही, पण दुप्पट लागतो. साखर पंचविसाव्याऐवजी पंचेचाळिसाव्या मिनिटाला, तेल दोन तास चाळिसाव्या मिनिटाला. मी, बायको आणि शेजारच्या काकू, तिघं पाळीनं. काकूंचा उपास होता, ढवळलं त्यांनी सगळ्यात जास्त आणि चाखलं काहीच नाही. त्यांचं ताट आठवणीनं पांढरं ठेवलं.

एकच बिघाड: तीन ताटं एकामागून एक ओतताना तिसऱ्यापर्यंत कढईतला हलवा गार झाला, पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या. ते ताट आमच्या घरी ठेवलं. ताटं आधीच खोबरेल लावून ओळीनं मांडून ठेवा आणि पहिलं थापत बसू नका, आधी तिन्हींत ओता.

साडेपाचला ओटा धुतला. मनुका भिजवलेलं सरबत, सफरचंद, मध, मटण तयार. आत्याला फोटो गेला. उत्तर एवढंच: "कडा बरोबर आहेत." पुढे, "आईचा पेला परत बटणांत टाकू नकोस."

सगळ्या प्रयोगांचा मिळून खर्च, कढई आणि चाटू धरून, ३,२०० रुपयांच्या थोडा वर. एक सिलिंडर नेहमीपेक्षा नऊ दिवस आधी संपला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सणाचे दोन दिवस लिहिता आलं नाही. टिकण्याबद्दल एवढं सांगायचं राहिलं.

बाहेर झाकून ठेवलेला हलवा या दमट हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगला होता. काल सकाळी कडेच्या वड्यांना बुळबुळीत हात लागला, त्या टाकल्या. फ्रिजमध्ये ठेवलेल्या वड्या टिकल्या, पण खडूसारख्या भुरभुरीत झाल्या. शिजलेला चीक थंडीत असा मागे फिरतो, भाताचं होतं तेच. म्हणून पूर्ण ताट फ्रिजमध्ये घालू नका, दोन दिवसांचाच करा. उरलेल्या कोरड्या वड्या इडलीपात्रात पाच मिनिटं वाफवून पाहिल्यात. बोटाला मऊ लागतायत. आज गदल्याचा रोजा, म्हणजे नव्याच्या सणानंतरचा उपास आहे, त्यामुळे चव घेता येत नाही.

रात्री आठ वाजता: मऊ झाल्यात, धरतात आणि सोडतात. पण कडांना पाणी सुटलंय. पाच नको, तीन मिनिटं वाफ पुरे.